गया काढ

भूषण, एक विचारायचं राहिलं. हेडफोन लावताना तू डावा कान नेहमी उघडा ठेवायचास, तो का? अख्खा उन्हाळा आपण त्या खोलीत काढला, दहा गाणी रेकॉर्ड केली, तुझ्या प्रत्येक टेकला मी तीन फुटांवर लॅपटॉप घेऊन बसलेलो होतो, आणि हे विचारायचं मला सुचलं नाही. मी तसा जन्माचा चौकस. मेहरूणच्या आमच्या गल्लीत नवीन कुत्रं आलं तरी ते कुठून आलं, कोणाच्या मागे आलं, हे चार घरी विचारून येणारा. तुझ्या बाबतीत मात्र उद्या विचारू, उद्या विचारू करत बसलो.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. चार दिवसांचा ताप आणि खेळ खलास. ते कसं झालं, कोण कुठे होतं, हे तुमच्या असोद्यात इतक्यांदा सांगून झालंय की मी इथे परत लिहीत नाही. मला तुझ्याशी दहाव्या गाण्याच्या शेवटच्या चाळीस सेकंदांबद्दल बोलायचंय. तिथे तू दोन शब्द चार वेळा ओरडला होतास आणि ते मी कापले. का कापले ते मला माहीत होतं. काय कापलं, ते काल कळलं.

आधी तुझे आभार मानून घेतो, कारण भांडणाला लागलो की ते राहून जातील. अल्बमचा हट्ट तुझा होता. आपल्या बँडला, ‘सिंगल फेज’ला, चार वर्षं झाली होती आणि आपण एकेक गाणं करून नेटवर टाकत होतो. दोनशे लोक ऐकायचे, त्यातले पन्नास आपलेच नातेवाईक. मी त्यावर खूश होतो. तू म्हणालास, “एकेक केयं काय इकतो मास्तर? अख्खा घड दे ना.” त्या एका वाक्यावर आपण अल्बमला लागलो. मला ‘मास्तर’ म्हणणाराही तूच. मी काही शिकवत नाही, पाइपांच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. पण माझी आई शाळेत मराठी शिकवायची आणि मी बोलण्यात सगळ्यांच्या चुका काढायचो, म्हणून मास्तर.

जागाही तूच शोधलीस. तुझ्या काकांची केळी पिकवायची जुनी खोली, बंद पडलेली. जाड भिंती, थंडावा धरून ठेवणारे पत्रे, रबर लावलेलं दार. दार लावलं की बाहेरच्या ट्रॅक्टरचाही आवाज आत येत नव्हता. आवाजासाठी उत्तम, माणसांसाठी कठीण, कारण थंड करणारं यंत्र काकांनी केव्हाच विकून टाकलं होतं. मे महिन्यात आपण तिथे बनियनवर बसायचो आणि तरी भिंतीतून पिकल्या केळ्यांचा वास यायचा. दीपक शिंदखेड्याहून एसटीने यायचा, त्याने दोन रविवारांत सगळे ड्रम वाजवून टाकले आणि कापसाच्या लागवडीला परत गेला. बेस मीच वाजवला, गिटारही मीच. उरलो तू आणि मी, आणि तुझ्या डब्यातलं भरीत. तिखट भरीत खाल्ल्याशिवाय तू माइकसमोर उभा राहत नव्हतास. कोणत्याही गायकाला सांगितलं तर तो कपाळावर हात मारेल. तुझा आवाज मात्र त्यानेच सुटायचा, हे मी मीटरवर बघितलंय.

तो आवाज कुठून आणलास, हे तरी मी विचारलं होतं. एकदा नाही, दहादा. परदेशातली पोरं हे किंचाळणं शिकवण्या लावून शिकतात, पोटातून श्वास कसा धरायचा याचे व्हिडिओ करतात. तू एकही व्हिडिओ बघितला नव्हतास. गाता गाता ओळीच्या मधेच तुझा सूर फाटायचा, उंच जायचा, तिथे थरथरत राहायचा आणि मग हुंदक्यासारखा तुकड्यातुकड्यांनी खाली यायचा. ते तुकडे मला कळत नव्हते. मी आलेख काढून बघितले. “हे कुठे शिकलास?” म्हटलं की तू म्हणायचास, “घरी.” मला वाटायचं टोलवतोयस.

तुझ्या वडिलांनी, आबांनी, एकदा दारात उभं राहून अख्खं गाणं ऐकलं होतं, आठवतं? पिशवी खाली ठेवून, डोक्यावरची टोपी सारखी करून. मग म्हणाले, “हे गानं हाये का भांडन?” तू म्हणालास, “आबा, दोन्ही हाये.” आपल्या गाण्यांचा हा प्रकार, पोस्ट-हार्डकोअर, म्हणजे काय ते समजवायला मी लोकांपुढे अर्धा अर्धा तास घालवलाय. तू दोन शब्दांत सांगून मोकळा झालास. आबा “बरं” म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

आपली भांडणं मात्र खरीखुरी. अल्बमचं नाव मी ‘ओसाड’ ठेवलं होतं. तू हसून हसून जमिनीवर बसलास. “मास्तर, दार उघडून पाह्य. नजर जाईन तठलोक हिरवीगार केयी हाये, आन् तू ओसाड म्हनतो.” ते भांडण मिटलं नाही. नाव अजून तेच आहे, आणि अजून मला ते चांगलं वाटतं. तू असतास तर आज आणखी एक तास गेला असता.

पण खरं भांडण दहाव्या गाण्याचं. नऊ गाण्यांचे शब्द माझे होते, छापील मराठीतले, ऱ्हस्व-दीर्घ तपासलेले. दहावं तू म्हणालास माझं राहू दे. मी म्हटलं, लिहून दे. तू म्हणालास, “लिव्हलं का तुही आई लाल शाई मारीन.” मी हसलो. तू हसला नाहीस, हे मला आज आठवतंय.

कारण आई आपल्याला सातवीत मराठीला होती. तुला उभं करून तिने धडा वाचायला लावला होता आणि तू ‘केळी’ला ‘केयी’ वाचलंस, ‘डोळे’ला ‘डोये’. आपल्याकडे गावाकडचे सगळेच असं बोलतात, ‘ळ’ म्हणून काही नसतोच, त्याचा ‘य’ होतो. आमच्या घरी त्याला बंदी होती. आईने तुला ‘केळी’ पन्नास वेळा लिहायला लावलं. वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो होतो, तिसऱ्या बाकावरून. त्यानंतर सहा वर्षांनी कॉलेजात तू स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसलास आणि विचारलंस, “तुझ्याकडे गिटार आहे ना?” स्पष्ट, स्वच्छ, शुद्ध मराठीत. मग ओळख वाढली तसा तू माझ्याशी परत तुझ्या बोलीत बोलायला लागलास, आणि मला तो माझा मान वाटायचा.

तर दहावं गाणं. तू ते एका दमात दिलंस, दुपारी, भरीत खाऊन. अर्धे शब्द तर कळतच नव्हते. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि तू एकटा चार वेळा ओरडतोस. मला ऐकू आलं, ‘गया काल’. मी परत लावलं. गया काल. गया काल. माझं डोकं फिरलं. अख्खा अल्बम मराठी ठेवायचा हे आपलं ठरलं होतं, आणि तू शेवटी ही खिचडी केलीस?

“भूषण, एक तर ‘गेला काल’ म्हण, नाही तर सरळ हिंदीत ‘गया कल’ म्हण. गया काल हे काय आहे?”

तू माझ्याकडे इतक्या नवलाने बघितलंस. “मास्तर, त्याच्यात हिंदी कोठी हाये?”

“गया हे हिंदी नाही?”

“तुले खरंच ऐकू येत नही?”

“मला ऐकू येतं तेच मी सांगतोय.”

“मंग शोध,” तू म्हणालास, आणि डबा धुवायला बाहेर नळावर गेलास. मी तुला तीन वेळा विचारलं. तू तिन्ही वेळा शोध म्हणालास. तिसऱ्या वेळी तुझा चेहरा चेष्टेचा नव्हता.

मी शोधलं नाही. मी घरी येऊन ते चारही आवाज कापले आणि त्या जागी गिटारची शीळ टाकली. तुला मिक्स पाठवलं. तुझा मेसेज आला: “माहा गया कापला तू.”

मी तो असा वाचला की, माझा तो ‘गया’ शब्द तू कापलास. वाचून मला बरंच वाटलं, चला, बघितलं तर आहे. मी उत्तर दिलं: “हो. आता शुद्ध झालं.”

त्यावर तुझं काही आलं नाही. मीही फोन केला नाही. आठ दिवस गेले. तुला ताप आलाय हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. नवव्या दिवशी दीपकचा फोन आला.

काल मी आणि दीपक तुमच्याकडे दारावर बसायला, भेटून दुःख वाटायला, गेलो. अंगणात कापड बांधलं होतं, पुरुष खुर्च्यांवर, बाया ओट्यावर सतरंजीवर. आबांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तुझी माय भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून, डोळे कोरडे. शेजारची बाई दुसरीला हळूच म्हणाली, “धा दिवस झाले, रडली नही बाई. छातीत गोया व्हईन तिच्या.” मला गोया म्हणजे गोळा हे लगेच कळलं. बघ, असं कळतं मला. फक्त हेडफोन लावले की कळत नाही.

तिने मला हाक मारून जवळ बसवलं. “बाबा, तू मास्तर ना? तुहं लय नाव घे तो.”

मी हो म्हटलं. मग म्हणालो, “काकू, त्याचा आवाज फार मोठा होता.”

“गया मोठा व्हता त्याचा,” ती म्हणाली. “लहानपनापासून. गया बसला का मी मीठ-पान्याच्या गुयन्या कराले लावे. म्हने, माय, गया गेला तं मी काय करू?”

भूषण, तिने तीन वेळा तो शब्द उच्चारला होता. गया. गळा. केयी म्हणजे केळी, डोया म्हणजे डोळा, गोया म्हणजे गोळा. गया म्हणजे गळा. जळगावात जन्मलेल्या, पस्तिशीला आलेल्या, लोकांच्या चुका काढत हिंडणाऱ्या माणसाला ते कळलं नव्हतं. आणि गया काल नव्हतंच ते. गया काढ. गळा काढ.

मी विचारलं, “काकू, त्याने तुम्हाला एक गाणं ऐकवलं होतं का? त्यात असं आहे का, गया काढ?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “ते माह्यासाठीच हाये.”

मग तिने सांगितलं, अगदी सावकाश, भाजी निवडत सांगावं तसं. “माहा भाऊ वारला त्या दिवशी पोरीचं लगन व्हतं. फोन आला तं म्याच उचलला. कोनाले नही सांगतलं. मांडवात गया काढते का कोनी? पंगती उठू देल्या. पोरगी निंघाली तं सगये रडत व्हते, मी नही रडली. म्हनलं, सुरू झालं तं थांबनार नही, आन् पोरीले समजून जाईन. ती गाडीत बसली, मंग सांगतलं म्या. मंग मले रडूच नही आलं. तवापासून नही आलं. भूषन म्हने, माय, आता तरी गया काढ. पोरीचं लगन होऊन जमाना झाला. मी म्हने, आता काय त्याचं. मंग त्यानं गानं केलं. म्हने, अल्बम निंघाला का सगया जगासमोर सांगतो तुले, मंग तं ऐकशीन.”

तुझी बहीण ओट्याच्या टोकाला बसून ऐकत होती. तिलाही हे आधी माहीत नव्हतं, असं तिच्या तोंडावरून वाटलं.

“हाये का ते तुह्याजोळ?” काकूंनी विचारलं.

माझ्याजवळ होतं. शुद्ध केलेलंही होतं आणि न कापलेलंही. न कापलेलं मी पुसून टाकलं नव्हतं, एवढीच माझ्या हातून घडलेली बरी गोष्ट. दारावर बसायला आलेल्या माणसाने फोनवर गाणं लावायचं का, आणि तेही आपलं गाणं, या विचाराने मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, “लाव.”

मी फोन तिच्या हातात दिला. तीन मिनिटं नुसता गोंगाट. दोन बाया उठून आत गेल्या. एका म्हाताऱ्या नानांनी खुर्ची लांब सरकवली. तुझी माय फोन कानाशी धरून बसली होती, डाव्या हाताने पदर धरलेला. मग वाद्यं थांबली.

“आवाज वाढव,” ती म्हणाली.

मी वाढवला. तू ओरडलास. गया काढ. अंगणातल्या सगळ्यांना कळलं, भूषण. एकालाही मास्तर लागला नाही. दुसऱ्यांदा ओरडलास तेव्हा आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. आणि तुझा आवाज जिथे थांबला तिथून, त्याच सुरावरून, काकूंनी गया काढला.

तो उंच गेला, तिथे थरथरत राहिला आणि मग हुंदक्यांच्या तुकड्यांनी खाली आला. मी ते तुकडे ओळखले. त्यांचे आलेख माझ्या लॅपटॉपवर आहेत. कधीतरी लहानपणी, तिच्या रडण्यावर बंदी यायच्या आधी, तू ते तिच्या मांडीवर बसून ऐकलं असणार, कोणाच्या तरी दारावर. तू टोलवत नव्हतास. मी विचारायचो आणि तू खरं खरं सांगायचास, घरी. तुझी बहीण धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मग सगळ्या बाया आल्या. मला मधून उठायला वाट राहिली नाही, म्हणून मीही तिथेच बसलो आणि रडलो.

परत येताना नाक्यावर चहा प्यायला थांबलो. मी दीपकला विचारलं, “तुला माहीत होतं, गया म्हणजे काय?”

“माहीत काय म्हंतस भो,” तो म्हणाला. “आम्हना शिंदखेडाले बी गयाले गयाच म्हंतस. माले वाटनं तुले ठाऊक शे. तू जयगावना शेस ना?”

“मग मी कापलं तेव्हा बोलला का नाहीस?”

त्याने बशीतला चहा संपवला. “माले वाटनं, तुम्हना दोन्हीसना आतला मामला शे.”

 तिघांच्या बँडमध्ये दोघांना कळत होतं आणि ज्याला कळत नव्हतं त्याच्या हातात कात्री होती.

चारही आवाज काल संध्याकाळीच जागेवर ठेवलेत. गिटारची शीळ काढून टाकली, ती तशीही बेसूर होती. अल्बमसोबत प्रत्येक गाण्याच्या शब्दांचं एक पान जातं, तुझ्या गाण्याचं पान इतके दिवस कोरं होतं. आज सकाळी त्यावर मी लिहिलं: गया काढ, माय. आणि नेहमीप्रमाणे तपासायला आईला दिलं. तिने चष्मा लावला, पेन घेतलं. तेच लाल. मी तिला काही सांगितलं नव्हतं. पेन ‘गया’वर आलं, थांबलं. मग तिने विचारलं, “हे असोद्याच्या भूषणचं ना?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मी त्याला फार लिहायला लावलं रे.” आणि पेनाला टोपण लावून पान परत दिलं.

मला अजूनही कळलेलं नाही तू डावा कान उघडा का ठेवायचास. पुढच्या खेपेला काकूंना विचारीन. बहुतेक त्यांनाही माहीत नसेल, पण विचारीन, आता मी ठेवून देत नाही काही.

मघाशी तुझा मेसेज परत उघडला. चार शब्द, त्याच्याखाली माझं ते उत्तर. माहा गया कापला तू. या वेळी बरोबर वाचला.